डबाबंद रसग्रहण

शाळेत असताना मराठीच्या पेपरात 'खालील कवितेचे रसग्रहण करा' असा दहा मार्कांचा प्रश्न हमखास असे. त्यात मला कायम चार मार्क पडत, आणि तेही अक्षरासाठी. पुढे मी कॉमर्सला गेलो त्यामागे दुसरे कोणतेही थोर कारण नाही. तिथे रसग्रहण नव्हते, एवढेच. बॅलन्सशीट जुळली की जुळली. तिच्यातला करुण रस कोणी विचारीत नाही. ऑडिटर आले की तो आपोआप प्रकट होतो.

अशा माणसावर ऐन चाळिशीत समीक्षा लिहिण्याची पाळी यावी हा दैवदुर्विलास आहे. मात्र ही समीक्षा कुठल्या काव्यसंग्रहाची नाही. डब्यातल्या अन्नाची आहे. पत्र्याच्या डब्यात हवाबंद होऊन, अंगावर रंगीत कागद लपेटून, सातासमुद्रांपलीकडून आलेल्या अन्नाची. पुस्तकांची समीक्षा करणारी काही मंडळी पुस्तक न वाचताही लिहू शकतात असे ऐकतो. मला ती सोय नव्हती. मी या साऱ्या कृती पहिल्या चमच्यापासून शेवटच्या चमच्यापर्यंत अभ्यासल्या आहेत, आणि त्या पचवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे.

हे साहित्य माझ्या हाती आले ते असे. माझ्या ताईचा मुलगा २०१७ साली एम.एस्सी. करायला इंग्लंडला गेला आणि वर्षभराने परत आला. दिवाळीत तो सांगलीला यायचा होता. इंग्लंडहून भाचा येणार म्हटल्यावर मामाच्या मनात काय काय येते ते मी इथे उघड करीत नाही. भाऊबिजेच्या दिवशी त्याने आमच्या दिवाणखान्यात बॅग उघडली आणि सतरंजीवर एकामागून एक नऊ डबे मांडले.

"मामा, हे तुम्हाला."

मी डब्यांकडे पाहिले. ही माझ्याकडे पाहत होती. चौकशीअंती असे कळले की निघायच्या वेळी त्याच्या खोलीवर नऊ डबे उरले होते. ताईने फोनवरून हुकूम सोडला, "पैसे घालून घेतलेली वस्तू टाकायची नाही." म्हणून विमानाच्या तेवीस किलोंत बसवून त्याने ते आणले. पुण्याला पोचल्यावर ताईने ते प्रत्यक्ष पाहिले आणि दुसरा हुकूम सोडला, "माझ्या स्वयंपाकघरात हे नकोत. मामाला दे. तो काहीही खातो." कुटुंबात माझी पत ही अशी आहे.

"वर्षभर बहुतेक रात्री मी हेच खाल्लं, मामा," भाचा सांगत होता. "लायब्ररीतून यायला दहा वाजायचे. थंडी मरणाची. मग डबा गरम करायचा आणि खायचा."

"अरे, मग डिग्री तुला दिली की डब्याला?" मी म्हणालो.

सगळे खदखदून हसले. तोही हसला. जरा उशिरा हसला, पण हसला.

समीक्षेत पहिला मान मुखपृष्ठाचा. मी वाटाण्याचा डबा हातात घेतला. काय ते चित्र! पाचूसारखे हिरवेगार वाटाणे, त्यांच्यावर दवबिंदू, शेजारी लोण्याचा तुकडा आणि पुदिन्याची दोन पाने. खाली मुंगीने लिहावी तशा अक्षरांत एक ओळ होती. तिचा मथितार्थ असा की, हे चित्र म्हणजे पदार्थ कसा वाढता येईल याची केवळ एक सूचना आहे. म्हणजे लोणी तुमचे, पुदिना तुमचा, ताटली तुमची, दवसुद्धा तुमचेच. बँकेच्या जाहिरातीत हसरे जोडपे नव्या बंगल्यापुढे उभे असते आणि खाली 'अटी लागू' असते, त्यातलाच हा प्रकार. त्या जोडप्याने पुढे काऊंटरवर येऊन माझ्याशी घातलेला वाद जाहिरातीत नसतो.

मुखपृष्ठानंतर प्रस्तावना. ती फार कठीण निघाली. डब्याच्या झाकणाला एक कडी होती. ती ओढली की झाकण उघडते असे भाचा म्हणाला. मी ओढली. कडी उघडली, म्हणजे हातात आली. झाकण जागच्या जागी. आमच्या घरात ओपनर आहे, पण तो बाटलीचा. मग अडकित्ता झाला, सांडशी झाली. शेवटी हिने स्क्रू-ड्रायव्हर उभा धरला आणि मी वर बत्ता घातला. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याचा हिरवा शिंतोडा आजही आहे. पाहुण्यांना आम्ही तो बुरशीचा डाग म्हणून सांगतो.

यात माझा दोष नाही, इतिहासाचा आहे. फ्रान्सच्या सरकारला सैन्यासाठी टिकाऊ अन्न हवे होते. निकोला अपेर नावाच्या पॅरिसच्या एका हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, गच्च बुचे मारून, त्या पाण्यात उकळल्या. अन्न टिकले. १८१० साली सरकारने त्याला बारा हजार फ्रँकचे बक्षीस दिले. अन्न का टिकते हे मात्र त्यालाही सांगता येत नव्हते. ते कळायला पुढे अर्ध्या शतकाने पाश्चर यावा लागला. त्याच १८१० साली लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले, आणि तीन वर्षांत इंग्रजांच्या आरमाराला आणि सैन्याला डबे जाऊ लागले. त्या जुन्या डब्यांवर सूचना असे ती छिन्नी-हातोडीने फोडण्याची! डबा फोडायचे खास हत्यार निघायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे लागली. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने त्याचे पेटंट घेतले ते १८५८ साली. म्हणजे आधी लॉकर आला आणि किल्ली पन्नास वर्षांनी आली. आमच्या बँकेतही एवढा उशीर होत नाही.

जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदी लेखकाचे होडीतून फिरायला निघालेल्या तिघा मित्रांचे १८८९ सालचे पुस्तक प्रसिद्धच आहे. त्या तिघांकडे अननसाचा डबा असतो, पण तो उघडायला हत्यार नसते. डबा ठोकून ठोकून हैराण झाल्यावर ते तो उचलून नदीत फेकून देतात. हे वाचताना मी पोट धरून हसलो होतो. नदीशी या विषयाचा माझाही संबंध येणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते.

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू.

कृती पहिली : वाटाणे. मुखपृष्ठावरचा पाचू आत नव्हता. आत होता तो रंग मी फक्त लष्करी ट्रकवर पाहिला आहे. दाणा बोटांत धरला तर त्याचे पीठ होई. न धरावा तर तो खारट पाण्यात तोंड लपवून बसे. नंतर मी वाचून काढले, तेव्हा त्याची कर्मकहाणी समजली. बंद डब्यात हवा नसते. अशा जागी वाढून विष तयार करणारा बोट्युलिनम नावाचा एक जंतू आहे. त्याची बीजे नुसत्या उकळीने मरत नाहीत. म्हणून डबा मोठ्या थोरल्या कुकरमध्ये १२१ अंशांपर्यंत तापवतात. जंतू मरतो आणि त्याच्याबरोबर वाटाणाही देह ठेवतो. त्या उष्णतेने पानातले, शेंगेतले हिरवे द्रव्य मोडते आणि खाकी होते. तेव्हा आपण खातो तो वाटाणा नव्हे, वाटाण्याची सेवानिवृत्ती. दहापैकी दोन.

कृती दुसरी : टोमॅटोच्या सॉसमधली स्पॅघेटी. या इटलीच्या शेवया. लेखकाची शैली प्रवाही आहे, इतकी की चमच्यात थांबत नाही. लांबच लांब वाक्ये आणि क्रियापद कुठेच नाही. दात लावायचा प्रसंगच येत नाही. दातांना ही कृती अपमानास्पद वाटावी. सॉस गोड. आईने एक शेवई उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "हिला कणा नाही रे." सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने आयुष्यात एकही समीक्षाग्रंथ वाचलेला नाही, पण याहून नेमके वाक्य मला सुचलेले नाही. दहापैकी तीन, एक टोमॅटोबद्दल.

कृती तिसरी : व्हेजिटेबल करी. हा डबा इंग्लंडात बनलेला आणि आपल्या देशाच्या नावावर खपवलेला. आत बटाटा होता, गाजर होते, सफरचंदाच्या फोडी होत्या आणि बेदाणे होते. सगळ्यांवर हळदीचा पिवळाधमक लेप. आता सांगलीच्या माणसाला हळद आणि बेदाणा दाखवायचा म्हणजे काय! हळदीच्या पेठेत आम्ही लहानाचे मोठे झालो. तासगावचा बेदाणा आम्ही खिशातून शाळेत नेला. त्या डब्यात ते दोघे एकमेकांच्या गळ्यात पडलेले पाहून, गावातली दोन सालस मुले परदेशात वाईट संगतीला लागलेली दिसावीत तसे वाटले. मीठ, साखर आणि तिखट हे तिघे एकाच वेळी बोलत होते आणि अध्यक्ष कोणीच नव्हते. हिने एक घास घेतला, पाणी प्यायली आणि "मी जरा गच्चीवरचे कपडे आणते" म्हणून गेली. गच्चीवर कपडे नव्हते. दहापैकी शून्य.

कृती चौथी : राइस पुडिंग. म्हणजे तांदळाची खीर. इंग्रजाची खीर! वेलदोडा नाही, जायफळ नाही, बेदाणा नाही (ते सगळे करीत संपले असावेत). साखर अंमळ बेताची. तांदूळ इतका शिजलेला की भात म्हणावा की पेज असा संभ्रम. आई म्हणाली, "आजाऱ्याला द्यायला बरी आहे." मी दहापैकी चार दिले. माझे शाळेतले मार्क. कृतीत काही नसले तरी अक्षर चांगले होते.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सगळेच डबे असे नसतात. डिसेंबरातल्या लग्नात पंगतीला आमरस असतो, तो काही झाडावरून आलेला नसतो. रत्नागिरीकडे मे महिन्यात साडेआठशे ग्रॅमच्या डब्यात तो बंद झालेला असतो, आणि आपण दोन वाट्या जास्तच घेतो. याचे कारण असे की आंबा, टोमॅटो, अननस ही मंडळी मुळात आंबट. आंबटपणात तो जंतू वाढत नाही, म्हणून त्यांना १२१ अंशांची शिक्षा होत नाही. साध्या उकळीवर सुटका होते. तात्पर्य, आंबट असेल ते चांगले टिकते. हे मी आमच्या हेडकॅशिअरना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे आंबट चेहऱ्याने पाहिले. ते तीस वर्षे टिकले आहेत.

डब्यांना नावे ठेवणारा मी पहिला नाही. १९३७ साली अमेरिकेत 'स्पॅम' नावाचा मांसाचा डबा निघाला. महायुद्धात तो जगभर गेला आणि लोकांना त्याचा वीट आला. १९७० साली इंग्लंडच्या टेलिव्हिजनवर एका विनोदी नाटुकल्यात त्याची अशी काही टर उडवली की नको असताना पुन्हा पुन्हा पुढ्यात येणाऱ्या वस्तूला लोक पुढे तेच नाव देऊ लागले. आज ई-मेलमधली रद्दी ज्या नावाने ओळखली जाते ते मूळचे त्या डब्याचे. समीक्षकाच्या हातून कृतीचे एवढे कल्याण क्वचितच झाले असेल.

मी माझे हे रसग्रहण बँकेत जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवले. चपात्या हातात धरून सगळे हसत होते. हसले नाहीत ते आमचे गार्ड. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. बराच वेळ ऐकून घेऊन ते म्हणाले, "साहेब, तुम्ही चव बघायला उघडलासा. डबा चव बघायला नसतोय."

"मग कशाला असतो, सुभेदार?"

"भुकंला असतोय," ते म्हणाले आणि बंदूक घेऊन दाराशी जाऊन बसले.

विनोद न कळणाऱ्या माणसांची एक यादी माझ्याकडे आहे. तीत मी त्यांचे नाव टिपून ठेवले. उरलेले पाच डबे, म्हणजे वाटाण्याचा एक, शेवयांचा एक, करीचा एक आणि खिरीचे दोन, आम्ही आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी माळ्यावर टाकले. माझी समीक्षा तिथे संपली होती.

ऑगस्ट २०१९. पाच तारखेला नागपंचमी होती. पाऊस आठवडाभर कोसळत होता आणि कृष्णा रोज एकेक पायरी वर येत होती. आम्ही राहतो गावभागात, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या भागात प्रत्येकाच्या भिंतीवर २००५ सालच्या पुराची खूण होती, आणि पाणी त्या खुणेच्या वर जात नसते असा प्रत्येकाचा ठाम विश्वास होता. बँकेत बसून मी लोकांना गेल्या वर्षीच्या व्याजदरावर विसंबू नका म्हणून सांगतो. घरी आल्यावर मी चौदा वर्षांपूर्वीच्या खुणेवर विसंबलो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्याही वर गेले.

मंगळवारी वीज गेली. बुधवारी तळमजल्यावरची मंडळी पहिल्यावर आली, गुरुवारी दोन्ही मजले मिळून आमच्याकडे. सतरा माणसे झाली, त्यांत चार पोरे. फोन एकेक करून मान टाकू लागले. माझ्या फोनवर शेवटचा संदेश आला तो गॅस कंपनीचा : आपला सिलेंडर लवकरच घरपोच मिळेल. गुरुवारी सतरा माणसांची खिचडी अर्धीकच्ची असताना जुना सिलेंडर संपला, आणि नवा यायचा तर होडीतूनच यायचा. चिवडा संपला. बिस्किटे पोरांना. पिण्याचे पाणी म्हणजे गच्चीवर पातेल्यांत धरलेला पाऊस. चारी बाजूंनी एवढे पाणी, आणि आम्ही वाटीने मोजून पीत होतो.

आई श्रावणात कांदा-लसूण खात नाही. खिचडीत कांदा होता. दोन दिवस ती राजगिऱ्याच्या लाडवांवर होती. त्यांतला शेवटचा लाडू तिने तळमजल्यावरच्या धाकट्या पोराला कधी दिला ते आम्हाला कळलेच नाही. शुक्रवारी सकाळी ती पाटावर बसली आणि तिला उठवेना.

"अहो," ही हळूच म्हणाली, "माळ्यावर ते डबे आहेत."

मी शिडी लावून चढलो. पाच डबे, धुळीने माखलेले. भाऊबिजेच्या प्रसंगानंतर मी एक चांगला टिन-कटर विकत आणला होता. जेरोमच्या त्या तिघांनी हत्यार नाही म्हणून डबा नदीत फेकला. आमच्याकडे हत्यार होते. नदीच घरी आली होती.

वाटाणे उघडले. धाकट्या पोराने थंडगार वाटाणे मुठीने खाल्ले, खाली उरलेले खारट पाणी प्यायला आणि विचारले, "काका, अजून आहेत?" दोन मार्क दिलेल्या कृतीला अशी मागणी मी कुठे ऐकली नव्हती. शेवया चार पोरांत वाटल्या. "नूडल्स! नूडल्स!" म्हणून त्यांनी कल्ला केला. कोणी मुखपृष्ठ पाहिले नाही. कणा आहे की नाही ते कोणी उजेडाकडे धरून पाहिले नाही.

"त्या खिरीत कांदा आहे का रे?" आईने विचारले.

हसू आले, पण खात्री करायला डबा खिडकीशी नेला. आणि तेव्हा लक्षात आले की मी या डब्यावरच्या चित्रावर बोललो होतो, झाकणावर बोललो होतो, वेलदोड्यावर बोललो होतो. पण आत काय आहे हे जिथे लिहिलेले असते ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. पुस्तक न वाचता समीक्षा करणाऱ्यांना मी सुरुवातीला नावे ठेवली आहेत, ती कृपया परत घेतो.

"दूध, तांदूळ, साखर," मी वाचले. "बस, एवढंच."

"मग खीरच आहे की ती," आई म्हणाली. "आज शुक्रवार आहे. मला चांदीची वाटी दे."

श्रावणातला दुसरा शुक्रवार. जिवतीची पूजा. मी विसरलो होतो. आई विसरली नव्हती. जिवतीचा कागद भिंतीवर होता. एरवी पुरणाचा नैवेद्य असतो. आईने इंग्रजाची खीर चांदीच्या वाटीत काढली, पाण्याचे मंडल केले आणि नैवेद्य दाखवला. ही म्हणाली, "आई, बाहेरची आहे, चालेल ना?" आई म्हणाली, "दूध-तांदूळ-साखर आहे ना? कुणी शिजवली ते ती बघत नाही. पोरं उपाशी ठेवू नकोस, एवढंच तर तिला सांगायचं असतं."

मग तिने सगळ्या पोरांना रांगेने बसवून ओवाळले. तळमजल्यावरची आणि पहिल्या मजल्यावरचीही. मलाही बसवले. या दिवशी जी मुले गावाला असतात त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायची पद्धत आहे. आईने ताईसाठी पुण्याच्या दिशेला टाकल्या. मग नातवासाठी मूठ भरून घेतली आणि मला विचारले, "बंगळूर कुठल्या बाजूला रे?" भाचा तेव्हा नोकरीला बंगळूरला होता. मी दक्षिणेच्या खिडकीकडे बोट दाखवले. तिथे रस्ता असतो. त्या दिवशी पाणी होते. अक्षता पाण्यात पडल्या. गेल्या असतील तशाच पुढे.

दोन डब्यांतली खीर सतरा जणांत वाटली. माझ्या वाट्याला दोन चमचे आली. प्रामाणिकपणे सांगतो, चव तीच होती. पुरात सगळे गोड लागते वगैरे मी म्हणणार नाही. वेलदोडा नव्हताच, साखर बेताचीच होती, भात की पेज हा संभ्रम कायम होता. मार्क वाढवायला माझ्याकडे कसलाही आधार नव्हता. फक्त वाटी रिकामी झाल्यावर मी ती बोटाने पुसून चाटली, आणि चाटताना मला तो आठवला. रात्रीचे दहा, थंडी, परक्या गावातली एक खोली आणि एक डबा. तिथे तर ओवाळायलाही कोणी नव्हते. तो हे सांगत होता आणि मी कोटी केली होती.

शनिवारी दुपारी आमच्या खिडकीशी बोट लागली. तेव्हा घरात शिल्लक असलेले एकमेव खाद्य म्हणजे करीचा डबा. सतरा भुकेली माणसे चोवीस तास त्याच्याभोवती बसून होती. उघडायला कोणी तयार झाले नाही. माझ्या टीकेतले हे एक वाक्य तरी काळाच्या कसोटीला उतरले.

विश्रामबागला नातेवाइकांकडे पोचल्यावर फोन चार्ज केला आणि पहिला फोन भाच्याला लावला.

"मामा! कुठे आहात? आजी कशी आहे?"

"सगळे ठीक आहोत. तुझे डबे संपले रे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "करीपण?"

"करी नाही."

तो हसला. या खेपेला मी जरा उशिरा हसलो. मग विचारले, "रात्री काय जेवतोस रे हल्ली?" तो वर्षभर तिकडे होता तेव्हा हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. अभ्यास कसा चाललाय, पौंड केवढ्याला पडतो, नोकरी मिळेल का, सगळे विचारले होते.

बँकेत पाणी ओसरल्यावर ओली कागदपत्रे पंख्याखाली वाळवताना सुभेदार भेटले. मी त्यांना सगळे सांगितले. ते फक्त "हां," म्हणाले. विनोद न कळणाऱ्यांच्या यादीतले त्यांचे नाव मी खोडले. तिथे माझे घालावे की काय, यावर अजून विचार चालू आहे.

आता समीक्षक म्हणून माझे मत बदलले का? डब्यापुरते विचाराल तर नाही. खाकी वाटाणा खाकीच आहे. पण तारेच्या कागदावर कविता का नाही म्हणून कोणी तक्रार करीत नसे. २०१३ साली तारखाते बंद झाले, तोवर तार आली की लोक फक्त एवढेच पाहत, माणूस सुखरूप आहे ना? डबा ही अन्नाची तार आहे. ती जहाजावर जाते, बर्फात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाकडे जाते, परगावच्या पोराच्या खोलीवर जाते. तिच्यात अलंकार नसतात. पोचणे हाच तिचा गुण. दिवाळीच्या फराळाचे ताट मांडीवर घेऊन मी ती वाचायला बसलो, तर ती रुक्ष वाटायचीच.

तेव्हापासून दर वर्षी जूनमध्ये मी चार डबे आणून माळ्यावर ठेवतो आणि जुन्यांच्या तारखा तपासतो. आमच्या खात्यात एवढी नियमित नोंद दुसरी कसलीही नाही.

पुढच्या श्रावणात शुक्रवारी घरात साग्रसंगीत पुरण शिजले. वेलदोडा, जायफळ, वर तुपाची धार. आईने नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या, बंगळूरची बाजू तिने या वेळी कोणाला विचारली नाही. मग पानावर बसल्यावर सहज म्हणाली, "ती डब्यातली खीर नाही का रे राहिली?"

आम्ही दोघे तिच्याकडे बघतच राहिलो. "आई, तुम्हाला ती आवडली होती?" हिने विचारले.

"छे गं, आवडायला काय होतं त्यात?" आई म्हणाली. "वाईटच होती. पण पावली हो!"